पोथ्यांच्या पेटींत दीड तास

गेल्या महिन्यांत या सदरांत मुलांच्या हस्ताक्षराविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर जीं पत्रें आलीं त्यांत नाशिकच्या एका भगिनींचें पत्र आहे. त्या लिहितात, "गुरुजी, अक्षर वळणदार व्हावयाचें तर आधीं हात मोकळा असावा लागतो. आमच्या चिरंजीवांचा हात मोकळा केव्हां असतो, तेवढें सांगा." चिरंजीव नववींत आहेत. उठल्याबरोबर हातांत स्मार्टफोन, जेवतांना डाव्या हातांत स्मार्टफोन, आणि रात्रीं पांघरुणाच्या आंत उजेड. घर एकत्र, सासूसासरे, दीर, जाऊबाई, मुलें मिळून अकरा माणसें. मुलास रागें भरावें तर तो दिवाणखान्याकडे बोट दाखवितो. तेथें आजोबांपासून काकांपर्यंत सारे माना खालीं घालून तेंच करीत बसलेले असतात. "आतां कोणत्या तोंडानें रागावूं?" असें त्या विचारतात.

हें पत्र पंधरा दिवस माझ्या मेजावर पडून आहे. सदतीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास उपदेश सुचत नाहीं, असें सहसा होत नाहीं. पण या विषयांत मी पंच नव्हे, पक्षकार आहें. माझ्या हातून यांत एक चूक घडली आहे, आणि ती सांगितल्यावांचून उत्तर लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमचा जव्हार-मोखाड्याचा मुलूख ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. जव्हार हें पूर्वीं मुकणे घराण्याचें संस्थान होतें; १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें, पुढें ठाणे जिल्ह्यांत होतें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. मोखाडा हा शेजारचा तालुका. सारा प्रदेश डोंगरांचा. पावसाळ्यांत असा पाऊस कोसळतो कीं चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. आणि फाल्गुन उलटला कीं त्याच डोंगरांतून बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठीं वणवण फिरतात. (येथल्या वैतरणेचें पाणी धरणांत अडवून मुंबईच्या नळांस जातें, ही गोष्ट मुंबईच्या वाचकांनीं स्नान करतांना एकदां आठवावी.) वस्ती मुख्यत्वें वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या लोकांची. नागली, वरई आणि भात हीं पिकें. तीं घरांत आलीं, दिवाळी झाली, कीं पाडेच्या पाडे ओस पडतात. माणसें मुलांबाळांसह भिवंडी, वसई, नाशिककडे वीटभट्टीवर नाहीं तर बांधकामावर जातात.

२०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या. मला निवृत्त होऊन तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं. शाळा बंद असली तरी शिक्षण चालू ठेवावयाचें, आणि तें फोनवरून, असें ठरलें. ठरविणारांनीं आमचे पाडे पाहिले होते कीं नाहीं, न कळे. पाड्यांतील दहा घरांपैकीं एखाद्या घरीं स्मार्टफोन. आणि ज्याच्या घरीं तो असे त्यासही रेंज मिळविण्यासाठीं टेकडीवर चढावें लागे. त्या पावसाळ्यांत मीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे, कीं चार-पांच मुलें टेकडीवर एका इरल्याखालीं डोकीं एकत्र करून बसलीं आहेत आणि मधोमध तो लहानसा चौकोन उजळला आहे.

मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावरचा एक वारली गृहस्थ माझ्या ओळखीचा. आमच्या परड्याचें कुंपण दरवर्षीं तोच करी. त्याचा मुलगा तेव्हां चौथींत होता. मुलगा तल्लख, वीसपर्यंतचे पाढे त्यास असे येत कीं मध्यें कोठेंही टोकावें आणि त्यानें तेथूनच पुढें चालावें. त्याचा बाप एके दिवशीं ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, शाळेंतले मास्तर म्हणतात फोन पाहिजे. घेऊं का?" मीं क्षणाचाही विचार न करितां म्हटलें, "घे. विद्येसाठीं घेतलेली वस्तु वायां जात नाहीं." त्यानें दोन शेळ्या विकल्या. फोन आणल्यावर तो प्रथम माझ्याकडेच आला, आणि मीं स्वतःच्या हातानें त्यांत सरकारचें 'दीक्षा' नांवाचें ॲप घालून दिलें. नांव वाचून मला कोण आनंद झाला होता! उपनयनाशिवाय, गुरुगृहाशिवाय, डोंगराच्या माथ्यावर दीक्षा मिळते आहे, असें कांहींसें मी त्या रात्रीं सौ.ला बोललोंही. तिनें एवढेंच विचारलें, "आणि त्या शेळ्यांचें दूध कोण पीत होतें?" मला उत्तर ठाऊक नव्हतें, पुढें कळलें कीं तोच मुलगा.

पहिले कांहीं महिने खरोखरच बरे गेले. मग शाळा उघडल्या, पण फोन घरींच राहिला. वस्तु एका कामासाठीं घरांत येते आणि तें काम संपलें म्हणून कांहीं उंबऱ्याबाहेर जात नाहीं. मुलगा आश्रमशाळेंत राहूं लागला. तेथें फोन ठेवूं देत नसत. सुटींत घरीं आला कीं तो रात्ररात्र फोन घेऊन बसे, आणि सुटी संपली कीं परत जाण्याचें नांव काढीना. सातवींत असतांना दोन वेळां तो शाळेंतून पळून डोंगरवाटेनें घरीं आला. दिवसां झोपे, उठला कीं डोकें दुखतें म्हणे, कोणी फोन मागितला तर अंगावर धांवून जाई. एकदां त्यानें भाकरीचें ताट भिरकावलें, असें त्याच्या आजीनें सांगितलें. ज्या घरांत भाकरी मोजून होते त्या घरांत ताट भिरकावलें जाणें म्हणजे काय, हें आपल्यासारख्यांना चटकन् कळावयाचें नाहीं.

होळीनंतरच्या दिवसांत आमच्याकडे बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे रंगीत मुखवटे चढवून गांवकरी रात्रभर सोंगें नाचवितात, वाद्यें वाजत असतात, आणि लहान मुलें सोंगांच्या पुढें-मागें धांवत असतात. या मुलाचा चुलता एक सोंग घेतो. लहानपणीं हा त्याच्या पायांत पायांत करी. मागें एके वर्षीं मी बोहाडा पाहावयास गेलों तेव्हां हा गर्दीच्या बाहेर उभा राहून फोन उंच धरून चित्रण करीत होता. चुलत्याचें सोंग त्याच्या अगदीं शेजारून गेलें, पण त्यानें डोळ्यांनीं तें पाहिलेंच नाहीं, कांचेंतून पाहिलें. मागाहून एका झाडाखालीं बसून त्या चित्रणास किती जणांचे अंगठे मिळाले तें तो मोजीत होता. मीं विचारलें, "किती झाले?" म्हणाला, "अकरा." आणि त्याचा चेहरा असा झाला, जसा पूर्वीं गणित चुकल्यावर होई.

त्याच रात्रीं त्याची आजी मला म्हणाली, "गुरुजी, तुम्हींच घ्यायला सांगितलें होतें ना?" आवाजांत दोष नव्हता, ती नुसतें विचारीत होती. पण वाचकहो, त्या एका वाक्यानें माझी झोप उडाली ती आजतागायत पुरती परत आलेली नाहीं.

त्यानंतर मीं या विषयावर मिळेल तें वाचलें. सर्व सांगत बसत नाहीं. प्रथम संस्थेचा 'असर' अहवाल जानेवारी २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला; त्यासाठीं २०२४ सालीं देशभरच्या खेड्यापाड्यांतून पाहणी झाली होती. १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकीं सुमारें ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरतां येतो. पाहणीच्या आधल्या आठवड्यांत अभ्यासाच्या कांहीं कामासाठीं तो ५७ टक्क्यांनीं वापरला होता, आणि समाजमाध्यमांसाठीं ७६ टक्क्यांनीं. म्हणजे 'अभ्यासासाठीं हवा' हें मुलांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. फक्त तें अर्धें आहे. खेळांचें व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत तर अशा व्यसनांसाठीं २०१४ पासूनच स्वतंत्र उपचार-केंद्र आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालांत असें आहे कीं, अभ्यासांतून एकदां फोनकडे गेलेलें मन पुनः ठिकाणावर येण्यास वीस-वीस मिनिटेंही लागूं शकतात. आमच्या शाळेंत तास पस्तीस मिनिटांचा असे. गणित वाचकांनींच करावें.

फोनमुळेंच मुलें उदास होतात कीं उदास मुलें फोनकडे जातात, यावर विद्वानांत एकमत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पण झोपेविषयीं फारसा वाद दिसत नाहीं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास रोज आठ ते दहा तास झोप लागते. अंधार पडल्यावर शरीरांत मेलाटोनिन नांवाचें द्रव्य वाढूं लागतें व तें झोपेची तयारी करतें. डोळ्यांसमोर निळसर उजेड असला कीं तें वाढणें मंदावतें. त्यांत पडद्यावर जें चाललें असतें तें मन जागें ठेवणारेंच असतें. मीं ज्या मुलांना 'वर्गांत लक्ष नाहीं' म्हणून बांकावर उभें केलें, त्यांतील शेवटच्या पांच-सात वर्षांचीं कांहीं मुलें केवळ झोपाळू असतील, असें आतां वाटतें.

आणखी एक गोष्ट मला पोथ्यांवरून सुचली. आपल्या पोथींत प्रत्येक अध्यायाच्या शेवटीं 'इति' येतो. वाचणारा तेथें थांबतो, पोथीला हात जोडतो, पाणी पितो, वाटल्यास उद्यांवर टाकतो. वर्तमानपत्राला शेवटचें पान असतें, नाटकाला पडदा असतो, जत्रेंतल्या पाळण्याचाही फेरा संपतो. या रील नांवाच्या प्रकारांत 'इति' मुद्दाम काढून टाकिला आहे. एक संपतें न संपतें तोंच दुसरें सुरू. आणि पुढचें चांगलें निघेल कीं भिकार निघेल हें आधीं कळत नाहीं, म्हणूनच अंगठा थांबत नाहीं. चक्रीवर पैसे लावणाराची हीच स्थिति असते. पन्नाशी-साठी उलटलेलीं माणसें जेथें स्वतःहून उठत नाहींत तेथें बारा वर्षांच्या पोरानें स्वतःच्या निग्रहानें उठावें, अशी आपली अपेक्षा असते! पतंजलींनीं योगाचीं जीं आठ अंगें सांगितलीं त्यांत प्रत्याहार पांचवें, आणि धारणा व ध्यान त्याच्या नंतर. इंद्रियें विषयांपासून मागें घेतल्यावर मग मन एके ठिकाणीं बसवावयाचें, असा तो क्रम आहे. आम्ही मात्र मुलांकडे धारणा मागतों, ध्यान मागतों, आणि प्रत्याहाराची सोय घरांत कोठेंच ठेवीत नाहीं.

सोय करावी कशी? सरकारांनीं आपापल्या परीनें कांहीं केलें आहे. फ्रान्सनें २०१८ सालीं कायदा करून लहान वर्गांपासून माध्यमिक शाळेपर्यंत फोन बंद केले. ऑस्ट्रेलियांत १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई झाली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यांत, पुसद तालुक्यांतील बांशी या गांवानें २०२२ सालीं अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. हेतु उत्तम, पण मला स्वतःला नुसती बंदी फारशी मानवत नाहीं. सदतीस वर्षांत मीं चिंचा, गोट्या, पतंग आणि कादंबऱ्या यांवर बंदी घालून पाहिली आहे.

मला त्याच वर्षींची दुसरी हकीकत अधिक विचार करण्याजोगी वाटली. सांगली जिल्ह्यांत कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव हें सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. करोनाच्या काळानंतर तेथील शिक्षकांच्या ध्यानांत आलें कीं मुलें वर्गांत रमत नाहींत, शाळा सुटल्यावरही फोनच घेऊन असतात. १४ ऑगस्ट २०२२ रोजीं गांवच्या सभेंत सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानें असें ठरलें कीं, सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा, आणि साडेआठचा भोंगा होईपर्यंत गांवांतील टेलिव्हिजन व मोबाईल बंद असावे. त्या वेळांत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, बोलावें. आरंभीं लोक हंसले. मग आशासेविका, अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीचे नोकर आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावूं लागले.

'निवृत्त शिक्षक' हे शब्द वाचून मी थोडा अस्वस्थ झालों. पण खरी मर्माची गोष्ट ही कीं, त्या गांवांत भोंगा वाजला कीं आधीं बापाचा फोन बंद होतो. बंदी मुलांवर नाहीं, वेळेवर आहे.

आतां आमच्या घराविषयीं. जव्हारच्या आमच्या घरांत मी, सौ., धाकटे बंधु व त्यांची पत्नी, चिरंजीव, सूनबाई, पुतण्या, त्याची पत्नी आणि चार मुलें मिळून बारा माणसें, फोन नऊ. एके रात्रीं तेरा वर्षांच्या नातवास मीं दटावलें, "अरे, डोळे जातील, ठेव तें." तो शांतपणें म्हणाला, "आजोबा, तुम्ही आठ वाजल्यापासून बघतां आहां. मी पावणेनऊला घेतला." गोष्ट खरी होती. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं व्हॉट्सॲपवर एक मंडळी जमविली आहे. तींत कोणी सुभाषित घातलें कीं त्यांतील व्याकरणाची चूक दाखविल्यावांचून मला अन्न गोड लागत नाहीं. एकदां तर 'सन्मार्ग' कीं 'सत्मार्ग' यावर रात्रीं साडेअकरापर्यंत वाद घातला. (सन्मार्गच बरोबर.) म्हणजे रील पाहणारा तो आणि संधि सोडविणारा मी, अंगठे दोघांचे सारखेच चालत होते.

दुसऱ्या दिवशीं वडगांवची हकीकत मीं पंक्तींत सर्वांना वाचून दाखविली. आमच्या आजोबांची पोथ्या ठेवण्याची शिसवी पेटी माजघरांत आहे. पोथ्या आतां कपाटांत गेल्या असल्यानें ती बहुतेक रिकामी असते. ठरलें असें कीं सात वाजतां देवापाशीं दिवा लागला कीं सर्व फोन पेटींत, आणि साडेआठपर्यंत पेटी उघडावयाची नाहीं. पुतण्या रुग्णालयांत नोकरीस आहे; त्याला केव्हांही बोलावणें येतें. म्हणून एक साधा, बटनांचा फोन कोनाड्यांत वाजता ठेवला व तेवढाच क्रमांक नातेवाइकांना कळविला. थोरली नात दहावींत. तिच्या शिकवणीचीं टिपणें फोनवर येतात. तिनें तीं सातपूर्वीं वहींत उतरून घ्यावीं असें ठरलें. ती चार दिवस कुरकुरली. पुढें एकदां सहज म्हणाली कीं उतरतांना निम्मा अभ्यास होतो. मीं तिच्यासमोर आनंद दाखविला नाहीं; दाखविला असता तर तिनें दुसऱ्या दिवशीं तें बंद केलें असतें.

पहिल्या दिवशीं घरांत जी शांतता पसरली ती सुतकी घरासारखी होती. बंधु येरझारा घालीत होते. त्यांना बातम्यांशिवाय करमेना. लहान मुलें "आतां काय करायचें?" असें दर पांच मिनिटांनीं विचारीत. तिसऱ्या दिवशीं पावणेआठला, कोणी नाहींसें पाहून, मीं स्वतः पेटीचें झांकण किलकिलें केलें. एका पत्राचें उत्तर द्यावयाचें राहिलें होतें, असें मी मनाशीं म्हणत होतों. बिजागरी करकरली आणि माजघराच्या दारांत नातू उभा! त्यानें आरडाओरडा केला नाहीं. नुसता हंसला, आणि त्या दिवसापासून पेटीच्या किल्लीचा मानकरी तो झाला. माझ्या चोरीनें जें साधलें तें माझ्या व्याख्यानानें साधलें नसतें, असें सौ.चें मत आहे.

यापुढें घरांत नंदनवन झालें असें कोणी समजूं नये. साडेआठ वाजले कीं पेटीभोंवतीं अजूनही झुंबड उडते. नातवाचे गणितांतले गुण होते तेथेंच आहेत. मुलांची भांडणें वाढलीं आहेत, कारण भांडण्यास आतां वेळ मिळतो. पण परवचा पुनः सुरू झाला. कॅरमच्या हरवलेल्या सोंगट्या सांपडल्या. पेटीच्या तळाशीं आमच्या पणजोबांच्या हिशेबाचे मोडींतले कांहीं कागद होते, ते नातवाला दिसले. "हें काय लिहिलें आहे?" असें त्यानें विचारलें आणि मी त्यास मोडीचीं अक्षरें दाखवूं लागलों. तेल, मीठ, भाताचे मण, कोणाला तरी उसने दिलेले साडेतीन रुपये. ते रुपये परत आले कीं नाहीं याचा शोध तो सध्यां करीत आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रात्रीं सर्व फोन माजघरांतच चार्जिंगला राहतात, कोणाच्या उशाशीं जात नाहींत. मुलें सकाळीं हांक न मारतां उठूं लागलीं आहेत. नाशिकच्या भगिनींस माझें उत्तर हवें असेल तर तें येथेंच आहे: चिरंजीवांना कांहीं सांगूं नका, प्रथम सासऱ्यांना पेटी दाखवा.

पण हें सारें झालें माजघर असलेल्या घराचें. पाड्यावर एकच खोली. त्यांत सहा माणसें आणि एकच फोन. तो कोणत्या पेटींत ठेवावयाचा? शिवाय भट्टीचा मुकादम त्याच फोनवर बोलावणें धाडतो, उचल किती देणार तें त्यावरच ठरतें. तो बंद ठेवून चालत नाहीं. माझ्या शहाण्या योजनेचा तेथें कांहीं उपयोग नव्हता, हें मला वाटेंतच कळलें होतें. तरी मी गेलों, कारण आजीच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलें होतें. तिला म्हटलें, "होय, मींच सांगितलें होतें." ती म्हणाली, "बसा, चहा ठेवतें."

मुलगा भिंतीला टेकून फोन पाहत होता. मान वर केली नाहीं. मी उपदेश गिळून त्याच्याजवळ बसलों आणि म्हटलें, "काय बघतोस तें मलाही दाखव." पहिल्यानें त्याला संशय आला, मग दाखवूं लागला. एक तारपा वाजविणारा म्हातारा, घाटांत अडकलेला ट्रक, बंदुकांचा एक खेळ, कोणी एक मुलगी नाचते आहे, पुनः ट्रक. तासभर पाहिलें. माझे डोळे चुरचुरूं लागले. मीं विचारलें, "शाळेंत कां जात नाहींस रे?" बराच वेळ त्यानें उत्तर दिलें नाहीं. मग फोनकडे पाहतच म्हणाला, "आठवीचें गणित कळत नाहीं. मधलें शिकलोंच नाहीं. सगळीं हंसतात. ह्यांत कोणी हंसत नाहीं."

मधलें म्हणजे करोनाचें दीड वर्ष. तें टेकडीवर, इरल्याखालीं, रेंज येत-जात असतांना वाहून गेलें होतें. आम्ही सारे त्याच्या हातांतली वस्तु पाहत होतों. तो कशापासून दूर पळतो आहे हें कोणीं विचारलें नव्हतें. मीं तर नाहींच. मी विचारलें, "विसापर्यंतचे पाढे आहेत ना अजून?" त्यानें मान हलविली. "मग एकविसापासून धरूं."

महिनाभर मी आठवड्यांतून दोनदां जीपनें पाड्यावर जात होतों. अपूर्णांकांपाशीं तो अडला होता; पाढे पुढें सरकले तसे अपूर्णांकही हलले. शाळेंत मात्र तो गेला नाहीं, आणि गेल्या दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडे भट्टीवर निघून गेला. मी थांबवूं शकलों नाहीं. त्याच्या दोन हातांची मजुरी त्या घराला लागते. त्यावर बोलण्याचा अधिकार ज्याच्या घरीं वेतन व निवृत्तिवेतन येतें त्याला कितपत आहे, हें मला ठरवितां आलेलें नाहीं.

जातांना त्यानें माझा क्रमांक फोनमध्यें घालून घेतला होता. आठवड्यांतून तीन-चार रात्रीं त्याचा मिस्ड कॉल येतो. आमची पेटी साडेआठला उघडते हें त्याला ठाऊक आहे. त्यापूर्वीं तो करीत नाहीं. मग मी फोन लावतों. मागें भट्टीवरचीं माणसें बोलत असतात, एखादें पोर रडत असतें, कुत्रीं भुंकतात. तो आधीं आज किती विटा थापल्या तें सांगतो, मग पाढा. परवां एकोणतिसाचा चालला होता. एकोणतीस सक एकशें चौऱ्याहत्तर म्हटलें, आणि साती पाशीं थांबला. नातू माझ्या शेजारीं कान लावून बसला होता, तो पुटपुटला, "दोनशें तीन." मीं त्याच्या तोंडावर हात ठेवला. पलीकडे बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता.